भगव्या नकाशात नालछा शोधून दाखवा



१ नोव्हेंबर जवळ आला की एक नकाशा आपल्या सगळ्यांच्या फोनवर फिरायला लागतो. अटकेपासून तंजावरपर्यंत भगवा रंग, मध्ये जरीपटका, आणि खाली ओळ : ‘हे सगळं आपलं होतं.’ बेळगावातून येतो, निपाणीतून येतो, बिदर-भालकीकडून येतो, आणि आम्हा माळव्यातल्या मराठी पोरापोरींच्या ग्रुपवरही येतो. मी धारची. घरात मराठी, गल्लीत माळवी, कॉलेजात हिंदी. त्या नकाशात माझं शहर भगव्या रंगात पार बुडालेलं आहे. बघून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

पण राज्यशास्त्र शिकताना एक प्रश्न सारखा समोर येतो. नकाशा नेमकं काय दाखवतो? राज्य कोणाचं होतं ते, की जमीन कोणी कसली ते? या दोन गोष्टी आपण एकच समजतो. त्या एक नाहीत. आणि सीमाभागातल्या मराठी माणसाचा खरा दावा दुसऱ्या गोष्टीवर उभा आहे. म्हणून मला वाटतं, हा भगवा नकाशा आपल्या उपयोगाचा तर नाहीच, उलट आपलं म्हणणं लंगडं करतो. हे सांगायला मी आमच्या बाजूचं एक गाव घेते : नालछा.

धारहून मांडूला निघालात की मांडूच्या अलीकडे नालछा लागतं. बहुतेक पर्यटक गाडीतून उतरतही नाहीत, सगळ्यांना जहाज महाल बघायची घाई. पण या गावाचे थर मोजायला लागलो की डोकं गरगरतं. जुनं नाव नलकच्छपूर. तेराव्या शतकात इथे पंडित आशाधर नावाचे मोठे जैन ग्रंथकार राहत होते. ‘सागारधर्मामृत’ आणि ‘अनगारधर्मामृत’ हे त्यांचे ग्रंथ याच गावाशी जोडलेले आहेत. मूळचे ते राजस्थानातल्या मांडलगढचे. घोरीच्या स्वाऱ्यांनंतर ते प्रदेश सोडून धारला आले आणि मग नालछाला राहिले. म्हणजे या गावाचं नाव ज्याच्यामुळे ग्रंथात टिकलं, तो माणूसच मुळात बाहेरून आलेला, आजच्या भाषेत विस्थापित.

पुढे मांडूचे सुलतान आले, मग मोगल. १७२८ साली धारजवळच्या अमझेऱ्याला चिमाजी अप्पांच्या फौजेने मोगल सुभेदार गिरधर बहादूरचा पराभव केला आणि माळव्याचं दार मराठ्यांना उघडलं. धार आणि देवास पवारांकडे गेले, इंदूर होळकरांकडे, उज्जैन शिंद्यांकडे. आपल्या व्हॉट्सॅप नकाशातला भगवा रंग इथपर्यंत येतो आणि थांबतो. पुढे काय झालं, ते तो सांगत नाही.

पुढे काय झालं ते जॉन मालकम या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय. १८१८ नंतर तो मध्य भारताचा कारभार बघत होता. १८२३ साली माळव्यावरचा त्याचा दोन खंडांचा ग्रंथ आला, सोबत नकाशाही होता. त्याच्या फौजेचे रस्ते आणि त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांची मोजणी यांवरून तो नकाशा तयार झाला होता. मालकम काही आपला मामा नव्हता. इंग्रजांचं राज्य किती गरजेचं होतं हे त्याला पटवून द्यायचं होतं, त्यामुळे त्याचं बोलणं पारखूनच घ्यावं लागतं. तरी त्याचे आकडे वाचण्यासारखे आहेत. होळकरांच्या मुलखातली ३,७०१ गावं त्याने मोजली. त्यातली २,०३८ गावं वसलेली होती. उरलेली १,६६३ गावं ‘बेचिराग’, म्हणजे जिथे दिवा लागत नाही अशी.

शब्द ओळखीचा वाटला ना? आपण रोज म्हणतो, ‘गाव बेचिराख झालं.’ राख शब्दामुळे आपल्याला वाटतं की जळून राख झालं. मुळात तो फारसी बे-चिराग. गाव जळलेलं असेल किंवा नसेल, घरंही उभी असतील, पण संध्याकाळी दिवा लावायला माणूस नाही. महसुलाच्या कागदातला हा कोरडा शब्द आपल्या बोलीत येऊन दुःखाचा शब्द झाला.

आता ते आकडे पुन्हा बघा. भगव्या नकाशात या १,६६३ गावांवरही तोच रंग आहे, तितकाच गडद. पेंढाऱ्यांची लूट, सरदारांची आपसातली भांडणं, यशवंतराव होळकरांनंतरची अंदाधुंदी, या सगळ्यात शेतकरी गावं सोडून गेला होता. राज्य होतं, रयत नव्हती. नकाशाने हे लपवलं, असंही म्हणता येत नाही, कारण राज्याच्या नकाशाला हे विचारलेलंच नसतं.

नालछाही तेव्हा जवळपास ओसाड होतं. मालकमने तिथल्या एका पडक्या महालाची डागडुजी करून मुक्काम टाकला. आसपासच्या विंध्याच्या डोंगरात भिल्ल आणि भिलाला प्रमुखांचा शब्द चालायचा. जामनियाचा भिलाला भुमिया नादिरसिंग हे त्यातलं मोठं नाव. दरबार धारचा असला तरी डोंगरातली वाट कोण अडवणार आणि कोण सोडणार, हे दरबार ठरवत नव्हता.

मग गावं पुन्हा वसली कशी? फर्मानाने माणसं येत नाहीत. त्यासाठी कौल द्यावा लागायचा. पडीक जमीन लागवडीला आणायची तर राज्य शेतकऱ्याला लेखी भरवसा द्यायचं : पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दर वर्षी थोडा थोडा वाढत पूर्ण दरापर्यंत जाईल, तोवर तुला कोणी हात लावणार नाही. या चढत्या साऱ्याला आपल्याकडे इस्तावा म्हणायचे. मालकमच्या हिशेबाप्रमाणे होळकरांच्या मुलखात १८१८ मध्ये २६९, १८१९ मध्ये ३४३ आणि १८२० मध्ये ५०८ गावं पुन्हा वसली. तीन वर्षांत ११२० गावांत दिवा लागला. लढाई जिंकायला एक दिवस लागतो. गाव वसवायला कौल लागतो, बियाणं लागतं, बैल लागतात आणि धीर लागतो.

आता जरा अडचणीचं बोलते. माळव्यात मराठी माणूस आला तो बहुतेक करून सरदार, शिलेदार, कारकून, फडणीस, भटजी, शिक्षक म्हणून. त्यांना इनामं मिळाली, वाडे झाले, दफ्तरात मोडी आली. धार, देवास, इंदूर, उज्जैनच्या जुन्या पेठांत आजही आमची आडनावं सापडतील. पण नांगर धरून गाव वसवणारा मराठी शेतकरी इथे फार थोडा. इथल्या काळ्या मातीत बाहेरून येऊन खरोखर रुजले ते दुसरेच. कुक्षी-मनावरकडे जा, सिर्वी समाजाची गावंच्या गावं भेटतील. हे मारवाडातून आलेले शेतकरी. जोधपूरकडच्या बिलाड्याची आई माता त्यांची देवी, आणि गावोगावी तिची बडेर, म्हणजे देऊळ. पाटीदार गुजरातेतून आले. या लोकांनी विहिरी खणल्या, पडीक मोडली, पिकं बदलली.

गंमत बघा. मराठे नकाशावर आहेत, शेतात कमी आहेत. सिर्वी आणि पाटीदार शेतात आहेत, पण कुठल्याच ऐतिहासिक नकाशावर त्यांचा रंग नाही. आणि भिल्ल-भिलाला, जे या सगळ्यांच्या आधीपासून डोंगरात आहेत, त्यांच्या वस्त्या ना राज्याच्या नकाशात धड दिसतात, ना महसुलाच्या. भिल्लांचं गाव आपल्या गावासारखं एका जागी गोळा झालेलं नसतं. टेकडीटेकडीवर विखुरलेली घरं, त्यांच्या फलिया, म्हणजे खानदेशात आपण ज्याला पाडा म्हणतो ते. महसुली नकाशात या सगळ्याला मिळून एक ठिपका आणि एक नाव.

देवासचं तर विचारूच नका. तुकोजी आणि जिवाजी हे दोन भाऊ, त्यांच्या दोन गाद्या : थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच शहरात दोन राजे, दोन दरबार, आणि शहराच्या रस्त्यांचीसुद्धा वाटणी. सारंगपूर परगण्यात दोघांचा वाटा, आलोट थोरल्यांकडे, रिंगणोद धाकट्यांकडे. नकाशा काढला तर आजीच्या गोधडीसारखा दिसतो. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक थोरल्या पातीच्या महाराजांकडे काही महिने कामाला होता, त्याने यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पण सारंगपूरच्या शिवारात ज्वारी खुरपणाऱ्या बाईला आपण थोरल्या पातीत आहोत की धाकट्या, याने फरक पडायचा तो एवढाच, की सारा कोणाच्या कचेरीत भरायचा.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. जरा लांब जाऊया, कॅनडाच्या गवताळ मैदानात, ज्याला प्रेअरी म्हणतात. १८७२ च्या कायद्याने तिथल्या सरकारने वसाहतीसाठी जमीन वाटायला काढली. नकाशा अगदी पट्टीने आखलेला. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा चौकोन. त्याचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. त्याचा चौथा हिस्सा, १६० एकर, एका कुटुंबाला. शेतकऱ्याने आपल्या चौकोनात घर बांधून एकट्याने राहायचं, असा नियम.

१८७४ पासून रशियाच्या बाजूने मेनोनाइट पंथाचे शेतकरी मॅनिटोबात यायला लागले. जर्मन बोलीचे, एकत्र राहणारे, सैन्यात न जाणारे. त्यांना असं चौकोनात सुटंसुटं राहायचं नव्हतं. त्यांची पद्धत आपल्यासारखी : मध्ये एक रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, शाळा, प्रार्थनेची जागा, आणि भोवती लांब पट्ट्यांची शेतं. मग त्यांनी कागदावर प्रत्येकाच्या नावाने चौकोन घेतले आणि आपसात ते सगळे एकत्र करून पुन्हा पट्ट्यांत वाटून घेतले. सरकारी नकाशात चौकोन, जमिनीवर गाव. यातली बरीच गावं पुढे मोडली. आज त्यांचे वंशज जुनी नोंदणी, पत्रं आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी जुळवून त्या गावांचे नकाशे नव्याने काढतात. कोणाचं घर कुठे, विहीर कुठे, दफनभूमी कुठे.

पण तो नकाशाही पुरा नाही. त्या चौकोनांच्या आधी तिथे क्री आणि इतर मूळनिवासी लोक होते. नदीकाठाने मेटी लोकांच्या शेतांच्या पट्ट्या होत्या. मेटी म्हणजे मूळनिवासी आणि युरोपीय यांच्या संकरातून तयार झालेला समाज. ११ ऑक्टोबर १८६९ ला मोजणीवाले साखळी घेऊन एका मेटी शेतकऱ्याच्या कुरणात शिरले, तेव्हा लुई रिएल आणि त्याच्या साथीदारांनी त्या साखळीवर पाय ठेवून मोजणी थांबवली. पुढचं सगळं बंड तिथून पेटलं. मोजणीची साखळी निरुपद्रवी नसते, हे त्यांना कळलं होतं. जो नकाशा काढतो, तो कोणाला माणूस धरायचं आणि कोणाला रिकामी जागा, हेही ठरवत असतो.

आता परत आपल्या सीमेवर येऊ.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, कारवार, बिदरकडची मराठी गावं तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. चंदगड तालुका मात्र महाराष्ट्राकडे राहिला. तेव्हापासून महाराष्ट्राची मागणी चार तत्त्वांवर आहे : खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकांची इच्छा. आंध्र आणि मद्रासच्या सीमेचा वाद पाटसकर यांनी सोडवला तेव्हा खेडं हाच घटक धरला होता. महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालावर महाराष्ट्राचा आक्षेपच हा आहे, की त्यात सगळीकडे एकच तत्त्व लावलेलं नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, तोही याच मुद्द्यांवर.

या चार तत्त्वांत साम्राज्य कुठे आहे? कुठेच नाही. आपल्या आधीच्या पिढ्यांनी, ज्यांनी लाठ्या खाल्ल्या आणि तुरुंग भोगला, ‘आमचा राजा इथे होता’ असं म्हटलं नाही. त्यांनी म्हटलं, ‘आम्ही इथे राहतो, आमचं गाव मोजा.’ भगवा नकाशा पुढे करून आपण त्यांचा भक्कम मुद्दा सोडतो आणि एक कच्चा मुद्दा हातात घेतो.

कच्चा का? कारण राजाच्या नकाशाला उत्तर म्हणून दुसऱ्या राजाचा नकाशा नेहमी तयार असतो. नवव्या शतकातल्या ‘कविराजमार्ग’ या कन्नड ग्रंथात कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितलाय. समोरचा तो काढणार. मग आपण अटक काढणार, ते चालुक्य आणि राष्ट्रकूट काढणार. या स्पर्धेला अंत नाही, आणि गावातल्या मराठी शाळेला त्याने एक शिक्षकही मिळत नाही. शिवाय त्याच न्यायाने मला धारमध्ये काय म्हणता येईल? धारवर पवारांचं राज्य होतं म्हणून धार महाराष्ट्रात घ्या? उद्या कोणी असं म्हणालं तर नालछाच्या फलियातला भिल्ल मुलगा विचारेल, ‘ताई, तुमचे राजे सारा घ्यायला आले होते, आमचं इथे काय होतं ते कोणी मांडलं?’ त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. बेळगाव तालुक्यातल्या मराठी शेतकऱ्याकडे मात्र आहे. त्याचं शेत, त्याच्या शेताचं मराठी नाव, त्याची शाळा, त्याचं मतदान. त्याच्या दाव्याला राजाची गरजच नाही.

काहीजण म्हणतील, ‘अभिमान पण नको का?’ अभिमान ठेवा ना. अमझेऱ्याची लढाई मलाही आवडते. पण अभिमान आणि पुरावा यांचे कप्पे वेगळे ठेवा.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. खेडं हा घटक म्हटलं तरी खेडं म्हणजे काय? महसुली गाव एक, पण त्यात चार वाड्या, दोन मराठी बोलणाऱ्या आणि दोन कन्नड, असंही असतं. १९९६ च्या पेसा कायद्यात यावर एक चांगली वाट आहे. हा कायदा पाचव्या अनुसूचीच्या भागांसाठी आहे, धार जिल्ह्याचा मोठा भाग त्यात येतो. त्यात गावाची व्याख्या महसुली नोंदीपुरती ठेवलेली नाही. जी वस्ती किंवा वस्त्यांचा समूह आपल्या परंपरेप्रमाणे आपला कारभार बघतो, ते गाव. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने फलियासुद्धा गाव होऊ शकतं. अंमलबजावणीची बोंब आहे, मान्य. पण ठिपक्याच्या आत माणसं वेगवेगळी असतात, हे कायद्यानेच मानलं ना? सीमाभागातल्या मिश्र गावांबद्दल आपण हा विचार का करू नये? मराठी वाडीला तिचा हक्क मागताना शेजारच्या कन्नड वाडीचाही हक्क नकाशात दाखवायला आपली तयारी हवी. आपल्याला जे लपवलं जातं म्हणून राग येतो, ते आपण दुसऱ्याचं लपवायचं नाही.

याचं एक जितंजागतं उदाहरण देते. कुमार गंधर्व जन्मले बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीला, कन्नड घरात. आजारपणात हवापालटासाठी देवासला आले आणि तिथेच राहिले. मराठी माणसाने त्यांना आपलं मानलं, आणि त्यांनी माळव्याच्या बायकांची लोकगीतं शास्त्रीय मैफलीत नेली. आता त्यांना कोणत्या रंगात दाखवणार? रंग भरायचा नकाशा इथे गप्प बसतो. ‘कुठून आले, कुठे राहिले, कोणाकडून काय घेतलं’ असा नकाशा काढला तरच ते त्यात मावतात.

मग काय करायचं? माझं म्हणणं सरळ आहे. या १ नोव्हेंबरला भगवा नकाशा पुढे ढकलायच्या ऐवजी आपापल्या गावाचा नकाशा काढा. गाव नकाशाची प्रत सरकारी दफ्तरातून मिळते, ती घ्या. त्यावर शिवारातल्या प्रत्येक पट्टीचं, माळाचं, ओढ्याचं बोलीतलं नाव लिहा. ही नावं उताऱ्यावर नसतात, आजीला आणि गड्याला माहीत असतात, आणि त्यांच्याबरोबर जातात. कोणतं घराणं कुठून आलं, साधारण कितव्या पिढीत, ते विचारा. शाळा कधी सुरू झाली, कोणत्या भाषेत, कधी बंद पडली, ते लिहा. घरात जुने मोडी कागद असतील तर फोटो काढून ठेवा, वाचणारे भेटतील. आणि गावातली कन्नड घरं, उर्दू बोलणारी घरं, लमाणांचा तांडा, सगळं त्यात दाखवा. अर्धा नकाशा कोर्टातही टिकत नाही आणि गावातही.

देशावरच्या जुन्या कागदांत शेतकऱ्यांचे दोन प्रकार सापडतात : वंशपरंपरेने जमीन असलेला मिरासदार, आणि बाहेरून येऊन कसणारा उपरी. आपला ‘उपरा’ शब्द याच कुळातला. सीमाभागातल्या मराठी माणसाला आज त्याच्याच गावात उपरा म्हटलं जातं, म्हणून आपण चिडतो. धारमध्ये मी खरंच उपरी आहे, सव्वादोनशे-अडीचशे वर्षांची उपरी. तरी इथली आहे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे नालछाने मला शिकवलं.

आणि तो कौल. पडीक गावात येणाऱ्या शेतकऱ्याला राज्य जो लेखी भरवसा द्यायचं, तो कौल. आज आपण तोच शब्द उलट्या दिशेने वापरतो : जनतेचा कौल. आता भरवसा लोक देतात, आणि राज्याने तो मागायचा असतो. १९५६ ला सीमाभागातल्या गावांकडे तो कोणी मागितला नाही, आपलं सगळं भांडण एवढंच आहे. ते एवढंच ठेवूया, म्हणजे कोणाला खोडता येणार नाही.